ठिपकेवाली तुतारी नेमकी ओळखायची कशी

पाणथळीच्या कडेला चिखलात चोच खुपसत फिरणारे लहान तपकिरी पक्षी नवख्याला सगळे एकाच साच्यातले वाटतात. पुस्तक उघडावे, तर चित्रेही एकमेकांची भावंडे. या गर्दीत नीट शिरायचे असेल तर सगळे पक्षी एकदम शिकायचा हट्ट सोडावा आणि एकच जात पक्की करावी. मग बाकीच्यांना तिच्याशी ताडून पाहता येते. या कामासाठी ठिपकेवाली तुतारी, म्हणजे वुड सँडपायपर, ही सर्वांत योग्य जात. स्कॉटलंड आणि स्कँडिनेव्हियापासून सायबेरिया ओलांडून थेट कामचाट्कापर्यंत ती वीण करते. हिवाळ्यात आफ्रिका, दक्षिण आशिया, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या उथळ गोड्या पाण्यावर ती पसरते. एवढ्या मोठ्या पट्ट्यात कुठेही पाणथळीवर उभे राहिलात तरी योग्य हंगामात तिची गाठ पडण्याची शक्यता चांगली असते.

तिचे शास्त्रीय नाव ट्रिंगा ग्लॅरिओला. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये तिचे वर्णन केले. मराठीत या गटाला कुणी तुतारी म्हणतात, कुणी तुतवार. या लेखात तुतारी हेच नाव ठेवले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. नावात ठिपके असले तरी ओळख ठिपक्यांवर सोडू नका. ठिपके झिजतात, उन्हात विरतात आणि शेजारच्या जातींच्या अंगावरही असतात. ओळख पक्की होते ती तीन जागी: डोळ्याच्या मागे गेलेली भुवई, छातीचा रंग पोटाशी संपतो ती सीमा आणि पंखाची खालची बाजू. पहिल्या दोन जागा पक्षी बसलेला असताना दिसतात. तिसरी दिसते ती उडण्याच्या तीन-चार सेकंदांत. त्या सेकंदांसाठी आधीपासून तयार राहणे हेच या पक्ष्याच्या ओळखीतले खरे कौशल्य आहे.

उभे कुठे राहायचे

साधने फार लागत नाहीत. 8×42 किंवा 10×42 ची, म्हणजे 8 किंवा 10 पट वाढवणारी आणि 42 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते. पाणवठा मोठा असेल आणि पक्षी शंभर मीटरपलीकडे असतील, तर तिवईवर लावलेला 20 ते 60 पट वाढवणारा स्पॉटिंग स्कोप घ्यावा. तिवईशिवाय स्कोपचा उपयोग नाही. हातात धरल्यावर जे थरथरते चित्र दिसते त्यात भुवईची लांबी मोजता येत नाही.

सूर्य पाठीमागे हवा. ही अट साधनांपेक्षा महत्त्वाची आहे. सूर्य समोर असेल तर प्रत्येक तुतारी काळी-पांढरी दिसते, आणि काळी-पांढरी तुतारी म्हणजे हिरवी तुतारी (ग्रीन सँडपायपर, हिच्यासारखीच दिसणारी पण गडद जात) असा घोटाळा लगेच होतो. या गटातल्या चुकीच्या नोंदींचे ते एक नेहमीचे कारण आहे. त्यामुळे पाणवठ्यावर पोहोचल्यावर दुर्बीण डोळ्याला लावण्याआधी सूर्य कुठे आहे ते पाहा आणि गरज पडली तर वळसा घालून दुसऱ्या काठाला जा.

सकाळी सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास आणि दुपार कलल्यानंतरचा वेळ चांगला. मधल्या वेळी चिखलावरून तापलेली हवा उठते आणि दुर्बिणीतले चित्र पाण्यासारखे हलू लागते. वाढीव पटीने हे हलणेही वाढते. अशा वेळी 60 पटीपेक्षा 20 पटीत जास्त दिसते. मात्र सूर्य अगदी क्षितिजाला टेकलेला असतानाचा सोनेरी प्रकाश रंगांसाठी वाईट. त्यात मळकट हिरवे पायही नारिंगी वाटतात.

अंतर किती ठेवायचे ते पक्षी सांगतो. चरणे थांबवून मान ताठ केली, अंग आक्रसून बारीक केले किंवा मागचा भाग झटक्याने हलवायला सुरुवात केली की समजावे, आपण फार जवळ आलो. दोन पावले मागे घ्या आणि खाली बसा. पाच-दहा मिनिटे हालचाल केली नाही तर पक्षी पुन्हा चरू लागतो, आणि बऱ्याचदा चरता चरता स्वतःच जवळ येतो. उडताना पाहायचे म्हणून त्याला मुद्दाम उठवू नये. हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या, जेमतेम 60 ग्रॅम वजनाच्या जिवाला चरण्याचा प्रत्येक तास लागतो. थोडे थांबले तर तो आपल्या कारणाने उडतोच: शिकारी पक्षी दिसला म्हणून, शेजाऱ्याशी भांडण झाले म्हणून किंवा सहज जागा बदलायची म्हणून.

आधी जागा वाचा

ठिपकेवाल्या तुतारीला उथळ, गोडे, मऊ चिखलाचे आणि थोडे गवत उगवलेले पाणी आवडते. पाणी भरलेली शेते, आटत चाललेल्या तळ्याची कड, दलदलीतली मोकळी डबकी, सांडपाण्याचे उथळ तलाव या तिच्या जागा. पाण्याची खोली तिच्या पायांच्या उंचीपेक्षा कमी, म्हणजे दोन-चार सेंटिमीटर. ती चिखलात चालते तशी पाण्यातही चालते आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून, गवताच्या काडीवरून, चिखलाच्या वरच्या थरातून किडे आणि अळ्या टिपते. समुद्राच्या भरती-ओहोटीच्या उघड्या चिखलावर ती क्वचितच दिसते.

हिरवी तुतारी याच पाणवठ्यावर असू शकते, पण तिची निवड वेगळी. ओढ्याचे अरुंद वळण, कालवा, उंच काठाआड दडलेले डबके, झाडाच्या सावलीतला कोपरा अशा जागी ती बहुधा एकटी असते. याच गटातल्या सामान्य तुतारीला (कॉमन सँडपायपर) मऊ चिखलापेक्षा टणक कड प्रिय. दगड, बांध, धरणाची भिंत, पाण्यातले ओंडके, अगदी नांगरलेली होडीसुद्धा तिला चालते.

जागेवरून फक्त अंदाज बांधता येतो, निर्णय देता येत नाही. स्थलांतराच्या काळात दमलेला पक्षी मिळेल तिथे उतरतो. पण मोकळ्या गवताळ चिखलात आठ-दहा तुताऱ्या सैल थव्याने चरताना दिसल्या, तर त्या ठिपकेवाल्या असण्याचा संभव जास्त. हिरव्या तुताऱ्या इतक्या संख्येने एकत्र क्वचितच चरतात.

आकार मोजायचा तो शेजाऱ्यावरून

ठिपकेवाल्या तुतारीची लांबी 19 ते 21 सेंटिमीटर. हिरवी तुतारी 21 ते 24, सामान्य तुतारी 19 ते 21. हे आकडे लक्षात ठेवा, पण एकट्या पक्ष्यावर ते वापरू नका. रिकाम्या चिखलावर एकट्या उभ्या पक्ष्याचा आकार डोळ्याला कळत नाही. स्कोपमध्ये तर अजिबातच नाही.

आकार कळतो तो त्याच चौकटीत उभ्या असलेल्या दुसऱ्या पक्ष्यामुळे. लांब पायांचा शेकाट्या शेजारी असेल तर ठिपकेवाली तुतारी त्याच्या पोटाच्या आसपास येते. छोटा टिलवा (लिटल स्टिंट) शेजारी असेल तर ती त्याच्या दीडपट लांब आणि उंचीने बरीच जास्त दिसते. धोबी पक्षी लांबीने तिच्या जवळपास असतो, पण त्याच्या लांबीतला मोठा हिस्सा शेपटीचा असतो. त्यामुळे तुतारी त्याच्यापेक्षा भरीव वाटते. तुलना करताना दोन्ही पक्षी आपल्यापासून सारख्याच अंतरावर आहेत ना ते पाहा. स्कोप अंतर दाबून टाकतो आणि मागचा पक्षी पुढच्याच्या शेजारी उभा असल्यासारखा दिसतो.

लांबीपेक्षा ठेवण जास्त कामाची. ठिपकेवाली तुतारी सडपातळ, लांब पायांची, मान किंचित उंच धरणारी. हिरवी तुतारी जड छातीची, आखूड पायांची, जमिनीलगत वाटणारी. सामान्य तुतारी आडवी, लांबोळकी, शेपटी मागे काढलेली. ती बसलेली असताना शेपटी पंखांच्या टोकांच्या बरीच पुढे जाते. ठिपकेवालीची पंखांची टोके शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ पोहोचतात.

चेहरा: डोळ्याच्या मागे पाहा

आता दुर्बीण डोक्यावर स्थिर करा. चोचीच्या मुळापासून एक फिकट पट्टा डोळ्यावरून मागे जातो, तीच भुवई. ठिपकेवाल्या तुतारीत ती ठळक, मळकट पांढरी आणि लांब असते. डोळा ओलांडून कानाच्या मागपर्यंत जाते. तिच्या वर गडद टोपीसारखे डोके आणि खाली चोचीपासून डोळ्यापर्यंत गडद रेघ. या दोन्हींच्या मधे भुवई उठून दिसते.

हिरव्या तुतारीची भुवई डोळ्याच्या पुढेच संपते. चोच ते डोळा एवढाच आखूड पांढरा तुकडा, आणि डोळ्याभोवती स्वच्छ पांढरे कडे. डोळ्यामागचा भाग सलग गडद. त्यामुळे तिचा चेहरा चश्मा घातल्यासारखा दिसतो, तर ठिपकेवालीचा चेहरा पट्टा ओढल्यासारखा.

डोळ्याचे कडे दोघींनाही असते, म्हणून फक्त कडे दिसले यावर निर्णय देऊ नका. प्रश्न एकच विचारायचा: डोळ्याच्या मागे फिकट पट्टा आहे की नाही? पक्षी समोर तोंड करून उभा असताना या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तो बाजूने वळेपर्यंत थांबा. भिजलेल्या किंवा पिसे फुलवून बसलेल्या पक्ष्याची भुवई तुटक दिसते, तेव्हाही थांबा.

छातीची सीमा

भुवईनंतर नजर खाली न्या. ठिपकेवालीची मान आणि छाती करड्या-तपकिरी बारीक रेघांची असते, आणि हा रंग हळूहळू विरत पांढऱ्या पोटात मिसळतो. सीमा दाखवा म्हटले तर बोट ठेवता येत नाही. हिरव्या तुतारीची छाती गडद, आणि खाली पांढरे पोट एकदम सुरू होते, कात्रीने कापल्यासारखे.

सामान्य तुतारीच्या छातीवरही दोन्ही बाजूंना तपकिरी पट्टे असतात, पण तिची खूण वेगळी आणि इतकी पक्की की एकदा पाहिल्यावर विसरत नाही. छातीचा तपकिरी पट्टा आणि मिटलेला पंख यांच्या मधे पोटाचा पांढरा रंग खांद्याकडे वर घुसतो. ही पांढरी खाच दिसली की ठिपकेवाली आणि हिरवी दोन्ही बाद.

पाठ, आणि ठिपके का फसवतात

ताज्या पिसाऱ्यात ठिपकेवालीची पाठ तपकिरी असते आणि पिसांच्या कडांवर मोठे, फिकट, चौकोनी ठिपके असतात. लांबून पाहिले तर पाठ खडबडीत, चितकबरी वाटते. हिरव्या तुतारीची पाठ काळपट, हिरवट झाक असलेली, आणि तिच्यावर सुईच्या टोकाएवढे बारीक पांढरे ठिपके. लांबून ते दिसतच नाहीत आणि पाठ सलग गडद वाटते.

इथपर्यंत सोपे आहे. अडचण सुरू होते पिसे जुनी झाल्यावर. पिसांना गडद रंग देणारे मेलॅनिन त्यांना मजबूतही करते. फिकट भागात मेलॅनिन नसते, म्हणून गवताला घासून, उन्हाने आणि वाळूने आधी झिजतात ते फिकट ठिपकेच. काही महिन्यांनी पिसाच्या कडेला ठिपक्याच्या जागी खाच उरते, आणि पाठ सलग तपकिरी दिसू लागते. असा जुन्या पिसाऱ्यातला पक्षी हिरव्या तुतारीसारखा भासतो. तेव्हा ठिपके सोडा आणि पुन्हा भुवई व छातीकडे जा. त्या खुणा झिजेने एवढ्या बदलत नाहीत.

वयानुसारचा फरकही इथेच सांगतो. विणीच्या पिसाऱ्यातल्या प्रौढ पक्ष्याच्या मानेवर आणि छातीवर रेघा ठळक असतात, पाठीवरचे ठिपके पांढरट आणि गडद भागाशी तीव्र विरोध करणारे. त्या वर्षी जन्मलेला तरुण पक्षी उबदार तपकिरी, त्याचे ठिपके पिवळसर, सगळे सारख्या आकाराचे आणि ओळीत मांडल्यासारखे नीटस. त्याची सगळी पिसे एकाच वेळी उगवलेली असतात, म्हणून हा नीटसपणा. हिवाळी पिसाऱ्यात रंग करडा होतो, छातीवरच्या रेघा पुसट होतात आणि ठिपके बारीक पडतात. दक्षिणेकडच्या परतीच्या प्रवासात प्रौढ पक्षी आधी येतात, जुलै-ऑगस्टमध्येच. तरुण पक्षी त्यांच्या मागून. म्हणून त्या काळात एकाच डबक्यावर एक विटलेला, फाटक्या कडांचा आणि एक कोरा करकरीत असे दोन पक्षी दिसले, तर दोन जाती समजू नका.

पाय आणि चोच

ठिपकेवालीचे पाय पिवळट ते पिवळट-हिरवे, हिरव्या तुतारीचे करडे-हिरवे आणि जास्त गडद. ही खूण पुस्तकात पहिल्या ओळीत असते, प्रत्यक्षात मात्र ती शेवटी वापरावी. चिखल वाळून चिकटला की पाय करडे दिसतात, ओले असले की गडद, आणि तिरप्या उन्हात सगळेच पिवळे. पक्षी पाण्यातून नुकताच बाहेर पडून स्वच्छ पायांनी चालत असेल, तेवढ्याच वेळी रंगावर भरवसा ठेवा.

लांबी जास्त विश्वासाची. ठिपकेवालीच्या पायाचा गुडघ्यासारखा दिसणारा सांधा पोटापासून बराच खाली असतो आणि सांध्याच्या वरचा उघडा भाग स्पष्ट दिसतो. हिरवीत तो भाग आखूड. तो सांधा खरे तर गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा पिसांत झाकलेला असतो.

चोच सरळ, गडद आणि मुळाशी किंचित फिकट हिरवट. लांबी डोक्याच्या लांबीएवढी, साधारण तीन सेंटिमीटर. हिरव्या तुतारीची चोच डोक्यापेक्षा थोडी लांब वाटते. चोच सुईसारखी बारीक आणि डोक्याच्या मानाने स्पष्टच लांब असेल, तर तो मार्श सँडपायपर असू शकतो. त्याच्याकडे पुढे येऊ.

चाल

अंगाचा मागचा भाग वरखाली हलवणे या गटात सर्वत्र आढळते, फरक आहे तो किती आणि केव्हा याचा. सामान्य तुतारी जवळजवळ सतत हलवत राहते, चालतानाही आणि उभी राहिल्यावरही. ठिपकेवाली निवांत चरताना फारसे हलवत नाही. घाबरली किंवा नुकतीच उतरली की हलवते. त्यामुळे मिनिटभर पाहिल्यावर हलणे थांबतच नाही असे दिसले तर सामान्य तुतारीचा विचार आधी करावा. हिरवी या दोघींच्या मधे बसते आणि एकूणच जास्त बुजरी असते.

उड्डाण: तीन-चार सेकंदांत काय पाहायचे

पक्षी उडाला की डोळे एकाच वेळी सगळीकडे धावतात आणि शेवटी काहीच लक्षात राहत नाही. म्हणून क्रम आधीच ठरवून ठेवा: पंखाची खालची बाजू, मग शेपटीचे मूळ, मग पाय. पहिले मिळाले तरी काम झाले.

पंखाची खालची बाजू ठिपकेवालीत फिकट असते, करडी-पांढरी, बारीक तपकिरी नक्षीची. हिरवीत ती काळपट. हा फरक एवढा मोठा आहे की हलणाऱ्या पंखातही कळतो. हिरवी तुतारी उडताना वरून, खालून, बाजूने कुठूनही काळी दिसते आणि मधे लख्ख पांढरे ठिगळ चमकते, एखाद्या मोठ्या पाकोळीसारखे. ठिपकेवाली त्या मानाने तपकिरी, मवाळ.

पंखाच्या वरच्या बाजूला दोघींनाही पांढरी पट्टी नसते. लांबलचक पांढरी पट्टी दिसली तर ती सामान्य तुतारी. पंखाची मागची कड रुंद पांढरी असेल तर याच गटातला लाल पायांचा रेडशँक.

शेपटीचे मूळ, म्हणजे पाठ जिथे शेपटीला मिळते तो भाग, ठिपकेवालीत पांढरा आणि चौकोनी. शेपटीवर बारीक, दाट आडव्या रेघा. हिरवीतही हा भाग पांढरा, पण शेपटीच्या टोकाकडे मोजके जाड काळे पट्टे. सामान्य तुतारीचे शेपटीचे मूळ पाठीसारखेच तपकिरी. पांढरा रंग चौकोनात न थांबता पाठीवर पाचरीसारखा वर चढत गेला असेल, तर मार्श सँडपायपर किंवा याच गटातला ग्रीनशँक.

पाय शेपटीच्या मागे किती निघतात? ठिपकेवालीत बोटे पूर्ण आणि थोडा वरचा भागही बाहेर दिसतो. हिरवीत फक्त बोटांची टोके. उडाल्यानंतरचा पहिला क्षण या खुणेसाठी निरुपयोगी, कारण तेव्हा पाय खाली लोंबत असतात. पक्षी सरळ उडू लागल्यावर पाहा.

उडण्याची तऱ्हा सामान्य तुतारीला लगेच वेगळे काढते. ती पाण्यालगत, ताठ पंखांनी थरथरल्यासारखे झटके देत आणि मधेमधे तरंगत जाते. पंख पाठीच्या रेषेवर फारसे जातच नाहीत. ठिपकेवाली आणि हिरवी दोन्ही खोल पंख मारतात आणि उठल्यावर उंच जातात. हिरवी वेडीवाकडी वळणे घेत खूप वर चढून बऱ्याचदा दृष्टीआड होते. ठिपकेवालीही उंच चढते, पण अनेकदा फेरा घेऊन त्याच पाणवठ्याच्या दुसऱ्या टोकाला उतरते.

कॅमेरा असेल तर शटर 1/2000 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि सलग छायाचित्रे घ्या. वीस-पंचवीसांतून एकात तरी पंख पूर्ण वर गेलेला मिळतो. इथे एक सापळा आहे. आकाशाच्या उजेडामुळे कॅमेरा चित्र काळवंडवतो आणि ठिपकेवालीचा फिकट पंखही गडद येतो. उलट, छायाचित्र जास्त उजळले तर हिरवीचा काळा पंख करडा दिसतो. म्हणून पंखाचा रंग एकटा पाहू नका, त्याच छायाचित्रातल्या पोटाशी ताडून पाहा. पोट आणि पंख यांत काळ्या-पांढऱ्याचा फरक असेल तर हिरवी. थोडासाच फरक असेल तर ठिपकेवाली.

आवाज

कान तयार असेल तर दुर्बीण उचलण्याआधीच नाव कळते. ठिपकेवाली उठताना कोरडे, उंच, भराभर तीन-चार स्वर काढते: ‘चिफ्-इफ्-इफ्’. सगळे स्वर जवळपास एकाच पट्टीत, घाईचे, चिडल्यासारखे. हिरवीचा आवाज गोड, घुमणारा आणि वर चढणारा: ‘ट्लुईट्-वीट्-वीट्’. सामान्य तुतारी बारीक, लांबत जाणारी ‘स्वी-दी-दी-दी’ अशी किनरी ओळ पाण्यावरून सोडत जाते. ग्रीनशँक तीन सारख्या, भरीव, मोठ्या स्वरांत ‘ट्यू-ट्यू-ट्यू’ म्हणतो.

आवाज ऐकला की तिथल्या तिथे आपल्या अक्षरांत लिहा. घरी जाऊन रेकॉर्डिंग ऐकल्यावर आठवण त्या रेकॉर्डिंगसारखी वळते. फोनवर नोंदवून ठेवले तर आणखी उत्तम. पण मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये, त्याने चरणारे पक्षी विचलित होतात.

आणखी कोण फसवते

मार्श सँडपायपर 22 ते 25 सेंटिमीटरचा, जास्त फिकट, चेहरा पांढुरका, चोच सुईसारखी, पाय आणखी लांब. हिवाळ्यात तो करडा-पांढरा असतो आणि पाठीवर ठिपके नसतात.

रफ जातीची मादी आणि तरुण पक्षी जास्त त्रास देतात. पाय पिवळट, पाठ नक्षीदार, जागाही तीच. फरक असा: रफचे डोके अंगाच्या मानाने लहान, मान लांब, चोच टोकाकडे किंचित खाली वाकलेली, आणि पाठीवर ठिपके नसून खवले असतात. प्रत्येक पिसाला फिकट किनार असल्यामुळे ते खवले दिसतात. भुवईही ठळक नसते. उडताना शेपटीच्या मुळाशी पांढरा चौकोन नसून दोन्ही बाजूंना एकेक पांढरा लंबगोल दिसतो.

तरुण रेडशँकचे पाय लाल नसून पिवळट-नारिंगी असू शकतात. पंखाच्या मागच्या पांढऱ्या कडेने तो सुटतो.

टेमिंकचा टिलवा सामान्य तुतारीची छोटी नक्कल वाटतो, पण तो अवघा 13 ते 15 सेंटिमीटरचा, आणि शेजारी कुणीही असले तरी त्याचे लहानपण लपत नाही.

अमेरिका खंडात प्रश्न उलटा होतो. तिथे ठिपकेवाली तुतारी मुख्यतः अलास्काच्या पश्चिम बेटांवर स्थलांतरात दिसते. इतरत्र लेसर यलोलेग्ज हा याच गटातला पक्षी आधी तपासावा. त्याचे पाय झगझगीत पिवळे, अंग मोठे, पंखांची टोके शेपटीच्या बरीच पुढे, आणि भुवई डोळ्यामागे पुसट.

एक अवघड पक्षी, पायरीपायरीने

समजा, डबक्याच्या पलीकडच्या काठावर एकटा पक्षी आहे. पाठ गडद, ठिपके दिसत नाहीत, पाय चिखलाने माखलेले, सूर्य अर्धवट समोर. पहिला विचार हिरव्या तुतारीचा येणार. घाई करू नका.

आधी जागा बदला, प्रकाश बाजूने येईल इतके तरी सरका. आता पाठ काळी नसून तपकिरी आहे का ते पाहा. पक्षी बाजूने वळला की भुवई: डोळा ओलांडून गेली का? गेली असेल तर कल ठिपकेवालीकडे. छातीची सीमा: विरते की तुटते? विरत असेल तर कल पक्का होत जातो. पायांचा रंग सोडून द्या, पण सांध्याच्या वरचा उघडा भाग लांब दिसतो का ते पाहा. मग दुर्बीण खाली न ठेवता थांबा. पक्षी उडाला आणि पंखाची खालची बाजू फिकट दिसली, ‘चिफ्-इफ्-इफ्’ ऐकू आले, तर ठिपके न दिसताही तो ठिपकेवाली तुतारीच.

खुणा आपसांत भांडत असतील, म्हणजे भुवई लांब पण छाती कापल्यासारखी, तर वजन द्यायचा क्रम असा ठेवा: पंखाची खालची बाजू आणि आवाज सर्वांत वर, मग भुवई, मग छाती, मग ठेवण, मग पाठ, आणि पायांचा रंग सर्वांत शेवटी. मान आखडून बसलेल्या पक्ष्याच्या छातीची पिसे दाटून गोळा होतात आणि सीमा खोटी तीव्र दिसते, म्हणून छाती भुवईच्या खाली.

नोंद कशी लिहावी

वहीत जातीचे नाव शेवटी लिहा. आधी तारीख, वेळ, प्रकाशाची दिशा, अंदाजे अंतर, पाण्याची खोली, पक्ष्यांची संख्या, मग दिसलेल्या खुणा. न दिसलेल्या खुणाही लिहा: ‘पंखाची खालची बाजू दिसली नाही’, ‘आवाज ऐकला नाही’. नंतर कुणी शंका घेतली तर या ओळी सर्वांत जास्त उपयोगी पडतात. नाव आधी लिहिले की मन त्या नावाला साजेशाच खुणा आठवू लागते.

थव्यातल्या पाच पक्ष्यांच्या खुणा नीट पाहिल्या आणि बाकीचे वीस लांब होते, तर पंचवीस ठिपकेवाल्या लिहू नका. ‘ठिपकेवाली तुतारी 5, तुतारी जात अनिश्चित 20’ असे लिहा. आणि ते वीस पक्षी दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य पाठीशी असताना, त्याच काठावर पुन्हा पाहा.